शेवटची खुर्ची

थोरल्या भावाच्या, अण्णांच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं गुणवंत रणपिसे आठ वर्षं स्वतःला सांगत आला होता. ‘राहून गेलं’ हे शब्द फार सोयीचे. त्यांत कुणी काही टाळलेलं नसतं. गॅसवरचं दूध उतू जावं, तसं ते आपलं आपणच झालेलं असतं.

पत्र निळ्या आंतर्देशीयावर होतं. दिल्लीत रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरात ते आलं, तेव्हा गुणवंत नोकरीत होता, निखिल कॉलेजात होता आणि द्वारका हे उपनगर म्हणजे नुसते नकाशावरचे चौकोन होते. पुढे निवृत्ती आली, क्वार्टर सुटलं, मुनिरकाची भाड्याची जागा झाली. निखिलला गुडगावला एका परदेशी कंपनीत नोकरी लागली, त्याचं लग्न झालं, आणि आता द्वारकेच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर स्वतःचं घर. एवढ्या हलवाहलवीत किती वस्तू हरवल्या, पण पत्र हरवलं नाही. एका जाड शब्दकोशात बसून ते प्रत्येक घरी बिनबोभाट येत राहिलं. हरवलं असतं तरी फरक पडला नसता म्हणा, कारण गुणवंतला ते पाठ होतं. विशेषतः शेवट.

‘तू नम्र आहेस हे सगळ्या जगाला माहीत आहे. ते जगाला कसं कळलं, याचा कधी विचार कर. मी दिल्लीस आलो, तर तू मला पहिल्या खुर्चीवर बसवशील आणि स्वतः दारापाशी चपलांजवळ जाऊन बसशील. माझ्या शेजारी बसशील का? एवढंच कळव.’

एवढंच कळवायचं होतं.

भांडण झालं होतं एका दगडावरून. दोघांचे वडील नगरजवळच्या गावी आयुष्यभर पाळक होते. तिथल्या चर्चची नवी इमारत झाली, तेव्हा अण्णांनी वडिलांच्या आठवणीसाठी संगमरवरी पाटी करायला टाकली. वर बाबांचं आणि आईचं नाव, खाली दोन्ही मुलांची. त्यांनी गुणवंतला विचारलं. गुणवंतनं उत्तर लिहिलं की देवाच्या घरात जिवंत माणसांची नावं शोभत नाहीत, माझं नाव वगळावं. इथवर कुणाला दोष देण्यासारखं काही नव्हतं. पण गुणवंत केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर होता. कागद लिहिला की त्याची एक प्रत कुणाला तरी जायचीच. सही झाल्यावर त्याचा हात डाव्या कोपऱ्यात गेला आणि त्यानं लिहिलं, ‘प्रत माहितीसाठी : माननीय पाळकसाहेब.’ आणि खरोखरच कार्बन कॉपी पाठवून दिली.

तिथल्या पाळकांना ते पत्र इतकं आवडलं, की रविवारी उपदेशाच्या आधी त्यांनी ते भर मंडळीत वाचून दाखवलं. “बंधुभगिनींनो, याला म्हणतात नम्रता!” अण्णा पहिल्या बाकावर बसले होते.

त्यानंतर आलं ते निळं पत्र.

आणि त्यानंतर गुणवंतनं प्रभुभोजन घेणं सोडलं. भावाचं मन आपल्याविषयी खट्टू असेल तर वेदीपाशी जाऊ नये, आधी समेट करावा, हे बाबांनी दोघांना लहानपणीच घोटून शिकवलेलं. दिल्लीतली मराठी मंडळी रविवारी संध्याकाळी एका चर्चच्या हॉलमध्ये जमत. महिन्याच्या पहिल्या रविवारी द्राक्षारसाच्या इवल्या पेल्यांचा ट्रे फिरवायला गुणवंत सगळ्यांत पुढे असे, पण स्वतः पेला उचलत नसे. लोकांनी त्याचाही अर्थ लावला. “रणपिसेसाहेब स्वतःला लायक समजत नाहीत. किती लीन माणूस!” असं कुणी हळूच म्हटलं, की गुणवंतच्या पोटात एक ऊब यायची. गोधडीसारखी. आणि मग त्या उबेचीच त्याला भीती वाटायची. समेट करण्यापेक्षा नालायक राहणं सोपं होतं. वर त्याची वाहवाही होत होती.

*

घर समर्पणाच्या प्रार्थनेसाठी निखिलनं अण्णांना दोनदा फोन केला होता. अण्णांना फोनवर धड ऐकू येत नसे. “कोण? निखिल? बरा आहेस ना? तुझ्या काकूला पाठवतो,” एवढं बोलून त्यांनी ठेवून दिला. गोवा एक्स्प्रेसनं कुमुदवहिनी एकट्याच निजामुद्दीनला उतरल्या. गुणवंत निखिलबरोबर आणायला गेला होता. वहिनी उतरल्या तरी तो डब्याच्या दारातून आत डोकावत राहिला.

“कुणाला शोधताय भाऊजी? सामान एवढंच आहे,” वहिनी म्हणाल्या. “ते नाही आले.”

“तब्येत?”

“ठणठणीत आहे. जिद्द तर त्याहून ठणठणीत.”

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात तीन बायकांचं राज्य होतं. गुणवंतची बायको चंद्रप्रभा मटणाचा रस्सा ढवळत होती, सून चेतना कांदा चिरत होती, आणि कुमुदवहिनी स्टुलावर बसून नगरहून आणलेले पापड भाजत होत्या. चेतना पुण्याची, हिंदू घरातली. निखिलच्याच ऑफिसात होती. या घरातल्या चालीरीती ती मनापासून आणि मोठ्यानं प्रश्न विचारून शिकत होती.

“काकू, इतका पातळ पापड कसा लाटता हो? माझी आई लाटते तो पापड कमी आणि भाकरी जास्त.”

“माझ्या हाताचं काही नाही गं. दगड चांगला आहे. संगमरवरी. थंड राहतो, पीठ चिकटत नाही.”

चंद्रप्रभाचा हात थांबला. “कुठला दगड, ताई?”

“कुठला म्हणजे? आपल्या सासऱ्यांचा. एवढा मोठा दगड पडवीत नुसता पडून राहिला होता.”

“म्हणजे त्यांच्या नावावर पापड लाटता?” चेतनाचे डोळे मोठे झाले.

“नावावर कशाला? नावं खाली, पाठ वर. तरी मी ह्यांना आधी विचारलं हो, चालेल का म्हणून. म्हणाले, ‘चालेल. बाबांना पापड आवडायचे.’”

चेतना इतकी हसली की कांद्याचं पाणी आणि हसण्याचं पाणी एकत्र झालं. चंद्रप्रभाही हसली. गीतांच्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन पॅसेजमधून चाललेला गुणवंत मात्र दारातच उभा राहिला.

“वहिनी,” तो म्हणाला, “चर्चमध्ये बसवला नाही तो दगड?”

“नाही. तुम्हाला माहीत नाही?”

“मला कसं माहीत असणार? मला वाटलं, अण्णांचं नाव घालून त्यांनी...”

“त्यांचं नाव कुठाय त्यावर?” वहिनींनी चिमट्यातला पापड ताटात ठेवला. “तुमचं पत्र आलं ना, त्या दिवशी जेवताना मला म्हणाले, ‘धाकटा बरोबर बोलतोय. आपली नावं नकोत. बाबा आणि आई, बास.’ अर्धवट जेवण टाकून सायकलवर कारागिराकडे गेले. रविवारी सांगणार होते मंडळीला, गुणवंतनं सुचवलं आणि मला पटलं म्हणून. मोठ्या कौतुकानं सांगणार होते. तेवढ्यात पाळकांनी तुमचं पत्र काढलं खिशातून.”

निखिल खुर्च्यावाल्याशी हिंदीत हुज्जत घालून नुकताच वर आला होता, तो बापाच्या मागे येऊन उभा राहिला.

“मग काकांनी तिथंच उठून सांगायचं ना, काकू! सिंपल.”

“काय सांगायचं रे?” वहिनी म्हणाल्या. “‘मीसुद्धा नम्र आहे’ म्हणून?”

कुकरनं शिट्टी दिली.

“ते घरी आले आणि कारागिराला निरोप धाडला, दगड चर्चमध्ये नको, घरी आणून टाक,” वहिनी पुढे म्हणाल्या. “लोकांना वाटलं, थोरल्याला मिरवायचं होतं, धाकट्यानं चारचौघांत कान उपटला, म्हणून रागावून दगड ठेवला घरात. वाटू दे. ह्यांनी कुणाला खुलासा केला नाही. मला म्हणाले, ‘लोकांचं मला काही नाही. गुणवंतनं मला लिहिलं असतं तर पुरे होतं. पाळकांना कशाला लिहिलं?’”

“पप्पा, पण तुम्ही कॉपी पाठवलीच का?” निखिलनं विचारलं. कालपर्यंत तो या प्रकरणात पूर्ण पप्पांच्या बाजूनं होता.

“सवय,” गुणवंत म्हणाला. “ऑफिसची सवय रे.”

चंद्रप्रभानं गॅस बारीक केला. मागे वळून न बघता ती म्हणाली, “सवय नव्हती. बँकेला पत्र लिहिता, वीजवाल्यांना लिहिता, त्याची नाही कुठं पाळकसाहेबांना प्रत जात.”

तिचा आवाज चढलेला नव्हता. आठ वर्षं ‘लिहा हो’ म्हणून थकलेली बाई जेवढं बोलेल तेवढंच ती बोलली होती. गुणवंतनं पुस्तकांचा गठ्ठा छातीशी धरला. काहीतरी नम्र बोलावं असं त्याच्या ओठांशी आलं, ‘मी मोठा पापी आहे’ अशा धर्तीचं. मग त्याला वाटलं की तेही छान दिसेल. म्हणून तो गप्प राहिला.

“पापड घ्या भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “गरम आहे तोवर.”

त्यानं घेतला. पापड चांगला झाला होता.

*

साडेपाचच्या सुमाराला मंडळी जमू लागली. रामकृष्णपुरमची जुनी मंडळी आली, गुडगावहून निखिलच्या वयाची दोन जोडपी आली, पाळक हणमंत उजागरे स्कूटरवरून आले. द्वारकेत तेव्हा रिक्षावाल्यालासुद्धा सेक्टर सापडत नसत. येणारा प्रत्येकजण आधी कसा चुकला ते सांगे आणि मग ख्रिस्ती रीतीनं “सलाम!” म्हणे.

रीत अशी, की घराचं दार बंद करायचं, सगळ्यांनी बाहेर उभं राहायचं, घरातल्या वडीलधाऱ्यानं किल्लीनं दार उघडायचं आणि खोलीखोलीत उभं राहून प्रार्थना करायची. निखिलनं दार ओढून घेतलं. चौथ्या मजल्याच्या एवढ्याशा जागेत आणि खाली निम्म्या जिन्यापर्यंत माणसं दाटीवाटीनं उभी राहिली. डोक्यावरून एक विमान गेलं. ते गेल्यावर निखिलनं किल्ली पप्पांपुढे धरली.

“छे, छे,” गुणवंत दोन पावलं मागे सरला. “पाळकसाहेब असताना मी? पाळकसाहेब, तुम्हीच.”

“अहो, मी पाहुणा,” पाळक म्हणाले. “वडीलधारे तुम्ही. मान तुमचा.”

“माझी काय पात्रता! घर निखिलचं आहे. निखिल, तू उघड.”

“पप्पा, तुम्ही असताना मी कसा? लोक काय म्हणतील, यार!”

किल्ली निखिलकडून पाळकांकडे गेली, पाळकांनी ती मंडळीतले सर्वांत वयस्कर अशोकराव भांबळ यांच्याकडे दिली, अशोकरावांनी हात जोडून “मी कोण?” म्हटलं आणि ती पुन्हा गुणवंतकडे आली. गुणवंतनं ती तापलेल्या तव्यासारखी चटकन चेतनाच्या हातात ठेवली. चेतना म्हणाली, “मला तर प्रार्थनाच येत नाही!” जिन्यातली माणसं कौतुकानं बघत होती. रणपिसेसाहेब ते रणपिसेसाहेबच, असं कुणीतरी खाली म्हणालं. पोटातली ती जुनी ऊब वर येऊ लागल्याचं गुणवंतला जाणवलं.

तेवढ्यात कुमुदवहिनींनी नाक वर केलं.

“चंद्रप्रभा, गॅस बंद केलास?”

चंद्रप्रभाचा हात गालावर गेला. “बारीक केला होता... निखिल म्हणाला, पाच मिनिटांचं काम आहे!”

दाराच्या फटीतून करपलेल्या मसाल्याचा वास आता सगळ्यांनाच आला.

“भाऊजी!” वहिनी कडाडल्या. “एवढी माणसं जेवायची आहेत! तुमची पात्रता मागाहून बघू. दार उघडा, रस्सा लागतोय!”

गुणवंतनं चेतनाच्या हातातून किल्ली ओढली, दार उघडलं आणि तो पळाला. साठी उलटलेला माणूस बुटांसकट नव्या घरात पळत शिरला आणि गॅसचं बटण फिरवून ओट्याला धरून उभा राहिला. मागून सगळी मंडळी स्वयंपाकघरात घुसली. रस्सा तळाला लागला होता, वरचा वाचला होता. चंद्रप्रभानं घाईघाईनं तो दुसऱ्या पातेल्यात काढला.

“झालं,” पाळक कपाळाचा घाम पुसत म्हणाले. “आता आलाच आहात आत, तर इथूनच सुरुवात करा.”

गुणवंतच्या खिशात प्रार्थनेचा कागद होता. तीन दिवस खपून त्यानं ती रचली होती, जुन्या वळणाची भाषा, दोन ठिकाणी अनुप्रास. कागद काढायला हात गेला आणि तसाच परत आला. त्यानं डोळे मिटले.

“प्रभो,” तो म्हणाला, “रस्सा वाचवलास. उपकार झाले.”

कुणीतरी मागे फिसकन हसलं. गुणवंतलाही हसू आलं, पण तो थांबला नाही.

“या घरात जो येईल त्याला बसायला जागा मिळू दे. आणि जिथं बस म्हणतील तिथं आम्हाला बसता येऊ दे. आमेन.”

“आमेन,” सगळे म्हणाले. दोन्ही झोपायच्या खोल्यांतल्या प्रार्थना त्याहून लहान झाल्या.

मग हॉलमध्ये उपासना. निखिलनं भाड्याच्या खुर्च्या ओळीत मांडल्या होत्या, आणि तिथं दुसरा घोटाळा झाला. पुढच्या ओळीत कुणी बसेना. मेजवानीला जाल तर शेवटच्या जागी बसा, हा येशूचा दाखला या माणसांच्या अंगात इतका मुरलेला, की सगळे मागे. मागच्या ओळीत माणसं मांडीला मांडी लावून, काही भिंतीला टेकून, अशोकराव तर चपलांच्या रॅकवर. आणि पुढे रिकाम्या खुर्च्या, लग्नघरी वऱ्हाड न आल्यासारख्या. दारापाशी चपलांजवळची एक खुर्ची मात्र कुणी घेतली नव्हती. ती रणपिसेसाहेबांची. जुन्या मंडळींना ते न सांगता माहीत होतं. हॉल बदलला, घर बदललं, तरी ती खुर्ची त्यांच्यासाठी सोडलेली असायची. पहिल्या खुर्चीला नसतं एवढं आरक्षण तिला होतं.

गुणवंत तिकडे निघाला होता. ते आरक्षण त्याला पहिल्यांदा दिसलं, आणि तो चालता चालता थबकला.

कुमुदवहिनी मधून वाट काढत पुढे आल्या आणि पहिल्या ओळीत मधोमध बसल्या. “माझे गुडघे दुखतात,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. मग शेजारच्या खुर्चीवर त्यांनी हातानं थोपटलं. “भाऊजी, इथं या.”

“मी इथं बरा आहे, वहिनी.”

“तिथं तुम्ही बरे आहात ते सगळ्यांना माहीत आहे. मी इथं बोलावतेय.”

चंद्रप्रभा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पदराला हात पुसायचे थांबवून ती नवऱ्याकडे बघत राहिली. अण्णांचं पत्र तिनंही वाचलेलं होतं.

गुणवंत पुढे गेला. खुर्च्यांमधून वाट काढताना त्याचे कान तापले. आता लोक म्हणतील, बघा, घर झालं तसा पुढे बसायला लागला. तो वहिनींच्या शेजारी बसला. म्हणोत.

आणि कुणीच काही म्हणालं नाही. गीत सुरू झालं. अर्ध्यांनी वरचा सूर धरला, अर्ध्यांनी खालचा, नेहमीसारखंच. पुन्हा एक विमान गेलं. गुणवंतच्या हळूहळू ध्यानात आलं, की पुढे बसलेल्या माणसाकडे कुणी बघत नसतं. मागच्यांना त्याचं टक्कल दिसतं, बस्स. मागच्या खुर्चीवर मात्र माणसं वळून वळून बघायची. इतकी वर्षं तो हॉलमधल्या सगळ्यांत दिसणाऱ्या जागी बसत आला होता. त्याला एकदम हलकं वाटलं, आणि हसू दाबायला त्यानं गीताचं पुस्तक तोंडासमोर धरलं.

“काय झालं?” वहिनींनी हळूच विचारलं.

“काही नाही. इथून बरं ऐकू येतं.”

*

जेवणं झाली, करपट वासाच्या रश्श्याचं सगळ्यांनी खोटं कौतुक केलं आणि माणसं पांगली. चेतना आणि निखिल खुर्च्या मिटत होते. गुणवंत वहिनींपाशी येऊन बसला.

“वहिनी, परवा तुम्ही निघाल. अण्णांना एक चिठ्ठी देतो. न्याल?”

“नाही.”

गुणवंत बघतच राहिला.

“रागावू नका. पण मी काय टपालवाली आहे? पत्र पोस्टानं आलं होतं, उत्तर पोस्टानं जाऊ द्या.” मग त्यांचा आवाज खाली आला. “भाऊजी, पोस्टमन गल्लीत आला की ते अजून फाटकापर्यंत जातात. मला सांगतात, पाय मोकळे करतो. मी काही बोलत नाही. त्यांना पत्र त्या पोस्टमनच्या हातून मिळू दे. मी नेलं तर बायकोनं आणलं असं होईल.”

सकाळी सगळे झोपेत असताना गुणवंत नव्या बाल्कनीत शब्दकोश घेऊन बसला. निळ्या पत्राला चिकटून एक कोरं आंतर्देशीयही त्यात होतं. पत्र आलं त्याच आठवड्यात आणलेलं. आधी त्यानं साध्या कागदावर खर्डा केला. तीन पानं झाली. त्यात गर्व म्हणजे काय, लीनता म्हणजे काय, आणि माणसाचं मन कसं फसवं असतं, हे सगळं आलं. चंद्रप्रभा चहा घेऊन आली, तिनं खांद्यावरून वाचलं.

“हे पत्र आहे का प्रवचन?”

“का? चांगलं नाही झालं?”

“फारच चांगलं झालंय,” ती म्हणाली आणि आत गेली.

गुणवंतनं तीन पानं फाडली. चहा संपवला. मग सरळ निळ्या कागदावर लिहिलं.

‘ती. अण्णांस, सा. न. वि. वि.
शेजारी बसेन. तुम्ही या.
पाळकांना प्रत पाठवायला नको होती. ती वाचली जावी असं मला वाटत होतं. चुकलो.
दगड चर्चमध्ये लावायचा असला तर लावा. माझं नाव घालावंसं वाटलं तर घाला, नको वाटलं तर नको. मला दोन्ही चालेल. वहिनींची पापडांची सोय मात्र दुसरीकडे करावी लागेल.
तुमचा, गुणवंत’

सही झाली आणि हात सवयीनं डाव्या कोपऱ्याकडे गेला. पेन तिथं टेकलं. निळ्या कागदावर शाईचा एक ठिपका उमटला. त्यानं पेन उचललं आणि कोपरा तसाच रिकामा ठेवला. कागद जुन्या दराचा होता, म्हणून चंद्रप्रभानं नाताळच्या कार्डांसाठी आणून ठेवलेल्या तिकिटांतलं एक वर चिकटवलं.

संध्याकाळी सगळे मराठी उपासनेला निघाले. महिन्याचा पहिला रविवार होता, प्रभुभोजनाचा. खाली फाटकाशी गुणवंतनं चौकीदाराला विचारलं, “भैया, यहाँ लेटर बॉक्स कहाँ है?”

“लेटर बॉक्स?” चौकीदारानं डोकं खाजवलं. “आजकल चिट्ठी कौन डालता है, अंकलजी? उधर मार्केट के पीछे एक टँगा तो है. पर आज इतवार है, आज नहीं निकलेगी.”

“पप्पा, उद्या मी ऑफिसातून कुरिअर करतो ना,” निखिल म्हणाला. “एका दिवसात पोहोचेल.”

“नको. तू मार्केटच्या मागून घे.”

मेट्रोच्या अर्धवट खांबांच्या मधून गाडी वळली. मार्केटच्या मागच्या भिंतीला, ज्यूसवाल्याच्या गाड्याशेजारी, खरोखरच एक लाल डबा टांगलेला होता. गुणवंत उतरला. गाडीतून बायको, वहिनी, मुलगा आणि सून त्याच्याकडे बघत होते, ते त्याला जाणवलं. बघोत, असं म्हणून त्यानं पत्र फटीत सरकवलं. अर्धं आत गेल्यावर त्यानं पत्ता एकदा वाचून घेतला आणि मग सोडून दिलं. डबा रिकामा असावा. पत्र तळाच्या पत्र्यावर पडल्याचा आवाज बाहेर स्वच्छ ऐकू आला.

तो परत गाडीत बसला.

“टाकलंत?” वहिनींनी विचारलं.

“टाकलं,” गुणवंत म्हणाला. “चला. आज मला ट्रे फिरवायचा नाहीये. लवकर गेलो तर पुढे जागा मिळेल.”